वरकामाचा माणूस

सासऱ्यांची गादी गुंडाळून तिनं काखेत मारली, उशी हनुवटीखाली दाबली आणि समोरच्या खोलीतून मागच्या पडवीत आणखी एक खेप टाकली. चौकटीत गादी अडकली तेव्हा तिला गुडघ्यानं ढकललं. खुंटीवरचे सदरे, औषधांचा डबा, चष्म्याचं घर, पलंगाखालच्या चपला, सगळं एकेक करून मागं गेलं होतं. आता त्या खोलीत मास्तरांच्या म्हणून दोनच गोष्टी उरल्या होत्या. त्यांचं शिलाई मशीन आणि खुद्द मास्तर.

"काय लगबग चाललीय! पाहुणी येतेय का जप्ती?" मास्तर खुर्चीतून म्हणाले.

"बाबा, उठा ना आता. खुर्ची पुसायचीय."

"माझ्यासकट पूस."

तिला हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता. हे मास्तर शाळेचे नव्हेत, शिवणाचे. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर कधी ना कधी त्यांच्या हातचं कापड चढलं होतं. आता डोळे अधू झाले होते. सुईत दोरा ओवायला सून लागे, ताटातल्या मासळीचे काटे काढायलाही सून लागे. एक काम मात्र अजून त्यांचं त्यांना झकास जमत होतं, ते म्हणजे जेवणाला नावं ठेवणं. पहिला घास तोंडात गेला की ठरलेलं, "दारात अख्खा समुद्र, आणि ताटात मीठ नाही!" मीठ असो वा नसो. लग्न होऊन आल्यापासून ती हे ऐकत आली होती आणि दर वेळी तिच्या कपाळाला आठी पडत होती.

घरासमोर खाडी आणि खाडीपलीकडे ते नावाजलेलं जुनं बंदराचं शहर. किल्ला, बुरूज, तोफा, दगडी फरशीच्या गल्ल्या आणि त्या गल्ल्यांमधून डोळे पांढरे होतील असे दर लावून बसलेली हॉटेलं. तिथं चहा प्यायला गेलेला माणूससुद्धा आधी दरपत्रक वाचतो आणि मग तहानच नाही म्हणतो. म्हणून हौस मोठी आणि खिसा बेताचा अशी मंडळी लाँचनं अलीकडे येत, इथल्या घरांतून राहत, घरचं गरम जेवत आणि सकाळी पुन्हा किल्ला बघायला पलीकडे जात. पाहुणे आले की घरच्यांनी मागं सरकायचं, हा इथला शिरस्ता. समोरच्या खोल्या पाहुण्यांच्या, पडवी आणि स्वयंपाकघर घरच्यांचं. त्यात कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. हंगामात सगळं गावच असं मागं सरकून राहत असे.

पण आजची पाहुणी साधी नव्हती. ती सहली काढणारी बाई होती. निवृत्त कारकून, नर्सबाई, शाळेतल्या शिक्षिका अशांना स्वस्तात हिंडवून आणायचा तिचा धंदा होता आणि किल्ल्याच्या सहलीसाठी ती स्वस्त राहण्या-जेवण्याची जागा शोधत होती. एक रात्र स्वतः राहून, जेवून बघणार आणि मगच ठरवणार. तिच्या मनात भरलं, तर दर आठवड्याला एक गट, बारमाही. आणि तसं झालं तर हिचा नवरा कायमचा घरी येणार होता. मालवाहू बोटीच्या पोटात इंजिनाला तेल घालत तो वर्षातले बहुतेक महिने पाण्यावर असे. फोनवर म्हणाला होता, "तेवढं जमव गं. जमलं की त्याच दिवशी बोटीला रामराम." रात्री दाराला आतून कडी घालणारं माणूस घरात असावं, एवढंच तिचं मागणं होतं. मास्तरांचंही तेच होतं, फक्त ते तसं बोलून दाखवत नसत.

बाईंनी फोनवर एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

"मागच्या ठिकाणी मालकांचे वडील दिवसभर ओसरीत रेडिओ लावून बसायचे हो. आमच्या लोकांना मोकळं हसता येईना. घर पूर्ण मोकळं हवं, ताई. मालकांचं कोणी मधे नको."

"कोणीच नसतं," ती म्हणाली होती. "मी एकटी. तीसुद्धा मागं."

म्हातारा तिनं असा फोनवरच घरातून वजा करून टाकला. बोलताना काही वाटलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र तिनं चटकन दाराकडे बघून घेतलं, मास्तर तिथं उभे नाहीत ना म्हणून.

ठरलं होतं ते असं, की मास्तरांनी दुपारच्या लाँचनं लेकीकडे जायचं, रात्र तिथं काढायची आणि उद्या परत यायचं. पाहुणी संध्याकाळी येणार होती. मास्तरांनी कुरकुर केली, लेकीकडची गादी टोचते म्हणाले, जावई घोरतो म्हणाले, पण शेवटी कबूल झाले.

तिनं मशीनवर फुलाफुलांचं टेबलक्लॉथ टाकलं आणि वर काचेचा जग ठेवला.

"मशीनवर पाणी ठेवतेस?" मास्तरांचा आवाज बदलला.

"रिकामा आहे हो जग. नुसता दिसायला."

"दिसायला," मास्तर म्हणाले. मग उठले, पिशवी घेतली आणि चपला शोधायला मागच्या पडवीत गेले, कारण चपला आता तिथं होत्या.

ती खुर्ची पुसत होती तेव्हा फाटकाची कडी वाजली. लाँच आली वाटतं, मास्तर निघाले, असं तिच्या मनात आलं. खिडकीतून बघते तर मास्तर फाटकात उभे आणि त्यांच्यासमोर एक टोपीवाली बाई, पायात बूट, गळ्यात शिट्टी. संध्याकाळी येणारी बाई दुपारच्याच लाँचनं उतरली होती. आपली भलीमोठी बॅग तिनं मास्तरांच्या हातात दिली होती आणि ती म्हणत होती, "जपून हं, आत कॅमेरा आहे. पट्टा तुटलाय, खालून धरा."

मास्तरांनी बॅग खालून धरली. स्वतःची छोटी पिशवी त्यांनी पायानंच पाण्याच्या पिंपामागं सरकवली.

ती धावत ओसरीवर आली. फडकं अजून हातातच होतं.

"लवकर आले, चालेल ना?" बाई हसत म्हणाल्या. "न सांगता आलं की खरं घर दिसतं, असा माझा अनुभव आहे. हा तुमच्याकडचाच का?"

मास्तरांच्या अंगात घरचा सदरा होता, कॉलर विरलेली, खिशाला तेलाचा डाग. पायात चपला होत्या त्याही दोन जोडांतल्या. तिच्या मनात एकाच वेळी बोट, नवरा, रेडिओ लावणारा कुणाचा तरी म्हातारा बाप आणि 'कोणीच नसतं' हे स्वतःचं बोलणं असं सगळं येऊन आदळलं.

"हो," ती म्हणाली. "वरकामाला ठेवलाय."

शब्द तोंडातून गेला आणि तिचे कान तापले. ती मास्तरांकडे बघूच शकली नाही. त्यांच्या पायांकडे तेवढं बघितलं. त्या दोन जोडांतल्या चपला क्षणभर जागच्या जागी थांबल्या, आणि मग बॅग घेऊन घराच्या पायऱ्या चढू लागल्या.

बाईंनी घर बघितलं म्हणजे अक्षरशः तपासलं. नळ सोडून बघितले, पलंगावर बसून बघितलं, खिडकी उघडून पलीकडचा किल्ला दिसतो का ते बघितलं. किल्ला दिसत होता, अगदी बुरुजावरच्या झेंड्याच्या काठीसकट.

"वा! ही खोली मी आमच्या गटप्रमुखाला देणार. आणि हे काय आहे? खाली लोखंडी पायडल दिसतंय." त्यांनी टेबलक्लॉथचं टोक उचललं.

"जुनं मशीन आहे. पडून असतं."

पडून! दर रविवारी मास्तर त्या मशीनला तेल घालत, कापसाच्या बोळ्यानं एकेक दात पुसत आणि शिवायला काही नसलं तरी दोन जुनी धोतरं जोडून चाक फिरवत. ते आता दारात बॅग धरून उभे होते.

"अडचण होत असेल तर मागं नेऊन टाकतो, बाई," मास्तर म्हणाले.

ते 'बाई' तिला होतं, पाहुणीला नव्हे. तिनं मान वर केली. मास्तरांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. गिऱ्हाइकासमोर टेप घेऊन उभे राहायचे तसे ते उभे होते.

"छे छे, राहू दे," सहलवाल्या बाई म्हणाल्या. "फोटोत मस्त येईल."

स्वयंपाकघरात पातेलं खाली उतरवून ती मास्तरांजवळ गेली. आवाज दाबून बोलू लागली.

"बाबा, तोंडातून निघून गेलं हो. मला काय झालं तेच कळलं नाही. संध्याकाळच्या लाँचनं जा तुम्ही."

"आता कसा जाऊ? पाहुणी घरात आणि वरकामाचा माणूस पसार? ती म्हणेल, या बाईच्या हाताखाली माणसंसुद्धा टिकत नाहीत."

"बाबा, असं नका ना बोलू."

"अगं, बरोबर तेच बोलतोय." मास्तरांनी चुलीवरच्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. "यानं पोरगा घरी येईल ना?"

"येतील म्हणाले."

"मग झालं तर. दे बादली इकडे. आणि मला बाबा म्हणू नकोस, भिंतीपलीकडे आहे ती."

तिनं बादली हातात दिली नाही. त्यांनीच उचलली आणि ते घेऊन गेले. ओसरीवरून जाताना पाणी हिंदकळलं आणि फरशीवर सांडलं. मग फडकं घेऊन तेही त्यांनीच पुसलं. ती आतून बघत राहिली. लाज वाटणं म्हणजे काय ते तिला आजवर माहीत होतं असं तिला वाटायचं. पातेल्यावरचं झाकण तिनं उगाचच काढलं आणि परत ठेवलं.

संध्याकाळी ओसरीत टेबल मांडून तिनं पाहुणीला वाढलं. भात, तळलेली मासळी, रस्सा. बाई मनापासून जेवत होत्या. पहिल्याच घासाला त्यांनी डोळे मिटले आणि पलीकडच्या हॉटेलांचा उद्धार केला. खरं तर बाई वाईट नव्हत्या, हेच अवघड होतं. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन खांबाशी उभे होते.

"बसा हो आजोबा," बाई म्हणाल्या. "उभे का? घर कुठं तुमचं?"

ती रश्शाचा डाव घेऊन उभी होती. तिचा हात तिथंच थांबला.

"इथंच, जवळच," मास्तर म्हणाले.

"घरी कोण कोण?"

"मुलगा बोटीवर असतो. सून आहे."

"मग या वयात कामाला का येता? सून बघत नाही का?"

"बघते की!" मास्तर जरा जोरातच म्हणाले. "का नाही बघणार? चांगली बघते. डोळ्यांना नीट दिसत नाही माझ्या, तर ताटातल्या मासळीचे काटे ती काढून देते. रोज. स्वतःचं जेवण गार होऊ देते, पण आधी माझे काटे काढते. कधी कंटाळली नाही."

"नशीबवान आहात."

"तर! बोलायला जरा फटकळ आहे, पण मनानं तशी नाही."

"ऐकलंत का ताई?" बाई तिच्याकडे वळल्या. "अशा सुना आता कुठं मिळतात?"

रश्शाचा डाव तिनं पातेल्यात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून नुसतं "हं" निघालं.

"आजोबांना इथंच वाढा ना, माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "मला नाही चालत असं, एकानं जेवायचं आणि एकानं तांब्या धरायचा."

त्यांच्याच ओसरीत, त्यांनाच बसवून घ्यायची परवानगी एक परकी बाई मागत होती. सुनेनं मास्तरांकडे पाहिलं, या हो, बसा, असं डोळ्यांनी म्हणाली. पण मास्तरांनी मान हलवली.

"नको बाई, मी मागं जेवतो. तिथं वारा चांगला असतो."

तिनं मागच्या पायरीवर त्यांना ताट नेऊन दिलं. तेवढ्यात ओसरीतून "ताई, जरा भात!" अशी हाक आली आणि ती पळाली. परत यायला बराच वेळ गेला. बाईंना रश्शाची कृती हवी होती, गटातल्या शाकाहारी लोकांचं काय करणार ते विचारायचं होतं, सकाळच्या चहाची वेळ ठरवायची होती. ती मागं आली तेव्हा मास्तर हात धुऊन खोपीत गेले होते. लाकडं ठेवायची ती खोपी, पाहुणी आल्यावर तिनं घाईघाईत त्यांची गादी पडवीतून तिथंच नेऊन टाकली होती. ताट पायरीवर होतं. भात संपला होता. मासळीचा तुकडा जसा वाढला तसा ताटाच्या कडेला होता, एका बाजूनं जरा उसवल्यासारखा. काटे दिसले नसणार, म्हणून सोडून दिला असणार. आणि जेवण कसं झालं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मीठ नाही, असंसुद्धा म्हणाले नव्हते.

सकाळी ती चूल पेटवत होती तेव्हा मास्तर दारात येऊन उभे राहिले. एका हातात जाड सुई, दुसऱ्या हातात दोरा. काही न बोलता त्यांनी दोन्ही पुढं केलं. तिनं दोरा ओठांनी ओला केला आणि सुईत ओवून दिला. रोजचंच काम, पण आज दोरा एकदा हुकला. मास्तरांच्या खांद्यावर पंचा होता. त्याचं एक टोक ओलं, चुरगळलेलं, दातांनी चावलेलं होतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की रात्री त्यांचा नेहमीचा खोकला ऐकू आला नव्हता. भिंतीला कान लावूनही आला नसता. रोज झोप मोडणारा तो खोकला त्यांनी पंचा तोंडात कोंबून आतल्या आत जिरवला होता.

"बाबा," ती म्हणाली.

"पट्टा तुटलाय तिच्या बॅगेचा," मास्तर म्हणाले, आणि सुई घेऊन गेले.

चहाच्या वेळी सहलवाल्या बाई बॅगेचा पट्टा ओढून ओढून बघत होत्या.

"अहो ताई, तुमच्या माणसाला शिवणही येतं! काय टाके आहेत! गटात दर वेळी कुणाची तरी बॅग फाटतेच. हा म्हातारा तर मला हवाच." त्यांनी कप खाली ठेवला. "बरं, ऐका. माझं ठरलं. पुढच्या शनिवारी पहिला गट घेऊन येते, आणि मग दर शनिवारी. जेवण असंच ठेवा, समोरची खोली कायम आमची. आणि आजोबांना सोडू नका. लोकांना असं माणूस आवडतं. नाव काय हो तुमचं?"

"मला मास्तर म्हणतात," मास्तर म्हणाले.

"मास्तर? गंमतच आहे! कशाचे मास्तर?"

आता सांगावं असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. पण मास्तरांनी तिच्याकडे बघितलंही नाही आणि आधीच म्हणाले, "कशाचे नाही, बाई. गावात प्रत्येकाला काहीतरी म्हणतातच."

तिनं तोंड मिटलं. मास्तर बॅग घेऊन बाईंना धक्क्यापर्यंत सोडायला गेले. लाँच सुटल्यावर बाईंनी हात हलवला, तेव्हा तिनंही ओसरीतून हात हलवला. काम फत्ते झालं होतं. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते चालून दारात आलं होतं. नवऱ्याला कळवायला तिनं फोन उचलला, नंबर काढला आणि फोन परत फळीवर ठेवून दिला. आधी बाबांचं जेवण होऊ दे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तिनं समोरच्या खोलीत गादी परत नेली, सदरे खुंटीला लावले, चष्म्याचं घर उशीपाशी ठेवलं. मशीनवरचं टेबलक्लॉथ ओढून काढलं. मग स्वयंपाकघरात मास्तरांच्या नेहमीच्या जागी पाट मांडला, ताट वाढलं आणि हाक मारली.

"बाबा, जेवायला या."

पाट रिकामाच राहिला. ती बाहेर आली. मास्तर मागच्या पायरीवर बसले होते, काल बसले होते तिथंच, गुडघ्यावर हात ठेवून.

"इथं काय करताय? आत वाढलंय. गेल्या त्या."

"माहीत आहे. इथंच आण."

"का पण?"

"सवय करतोय," मास्तर म्हणाले. "शनिवारी येतायत ना. मग दर शनिवारी. आधीपासून बसलेलं बरं, तेव्हा चुकायला नको."

ते रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती भांडली असती, रडली असती. पण त्यांनी ते असं सांगितलं होतं की जणू उद्या पाऊस येईल, कपडे आत घे. तिनं आत जाऊन ताट उचललं आणि पायरीवर त्यांच्यासमोर ठेवलं. तीही तिथंच उभी राहिली.

आतमध्ये फोन वाजायला लागला.

"बघ, तिचाच असेल," मास्तर म्हणाले.

बाईंचाच होता. मागं बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"ताई, मी इथं किल्ल्याच्या वेशीपाशी दुकानात उभी आहे. आमच्या सहलीचं नाव छापलेले शर्ट करून घेतेय. म्हटलं एक तुमच्या मास्तरांनाही घ्यावा, तो डागाळलेला सदरा बरा नाही दिसत. माप काय त्याचं? मध्यम होईल ना?"

फोन कानाला लावून ती मागच्या दारात आली. मास्तर पाठमोरे बसले होते. सदरा जुना होता, पण खांद्यावरची शिवण रेषेसारखी सरळ होती. पाठीवरची चुणी मधोमध, दोन्हीकडे सारखी. आख्ख्या गावाची मापं ज्यांनी घेतली, त्यांनी आयुष्यात विकतचा सदरा अंगाला लावला नव्हता.

"ते विकतचं घालत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ते शिंपी आहेत. स्वतःचे कपडे स्वतः शिवतात. मशीन पडून नसतं, त्यांचंच आहे ते." आता थांबून चालणार नव्हतं. "आणि ती समोरची खोलीही त्यांचीच आहे. ते माझे सासरे आहेत, बाई."

मास्तरांची मान वर झाली. पण ते वळले नाहीत.

पलीकडे दुकानदार कोणाला तरी रंग दाखवत होता.

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"खोटं बोलले मी. तुम्हाला घरचं कोणी नको होतं, म्हणून."

"म्हणजे ती काटे काढून देणारी सून..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "रात्री ते कुठं झोपले होते?"

"मागं. लाकडांच्या खोपीत."

"मी नंतर बोलते तुमच्याशी," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

नंतर म्हणजे कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. ती पायरीवर येऊन बसली. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"हे काय करून बसलीस?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "मी काय बोललो होतो? पोरगा घरी येत होता! मला काय होत होतं, सांग? तांब्या धरायचा, बादली उचलायची. मरत होतो का मी त्यानं?"

"तुम्ही नव्हता मरत," ती म्हणाली.

तिनं ताट मांडीवर ओढलं. मासळीचा तुकडा उचलला आणि काटे काढायला लागली. डोळ्यांत पाणी येत होतं आणि काटे नीट दिसत नव्हते. पदरानं डोळे पुसून पुसून तिनं एकेक काटा चाचपत काढला आणि पायरीच्या कडेला ठेवत गेली. भात कालवला. ताट परत त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून बसली.

मास्तरांनी एक घास घेतला. सावकाश चावला, गिळला. खाडीतून लाँच भोंगा देत पलीकडे निघाली होती.

"अगं," मास्तर मोठ्यानं खेकसले. "दारात अख्खा समुद्र, आणि ताटात मीठ नाही!"

मीठ अगदी बेतशीर पडलं होतं, तिनं स्वतः चाखून बघितलं होतं. ती उठली आणि मिठाची बरणी घेऊन आली.